परसातल्या कोंबड्याचा हिशेब कोणी मांडायचा?

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत परसातील कुक्कुटपालनावर एक सचित्र लेख आला होता. दहा-बारा कोंबड्या पाळल्या की घरची अंडी घरी मिळतात, स्वयंपाकघरातले खरकटे वाया जात नाही, अंगणातल्या वाळवीचा आणि गोमींचा परस्पर बंदोबस्त होतो आणि वर झाडांना खतही मिळते, असे त्यात म्हटले होते. यातले एकही वाक्य खोटे नाही. माझी तक्रार एवढीच आहे की त्या सबंध लेखात आणि सोबतच्या छायाचित्रांत एकही कोंबडा नव्हता. ज्याने आयुष्यात एकदा तरी कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवली आहे त्याला ही उणीव लगेच जाणवेल, कारण अंड्यातून कोंबड्या जितक्या बाहेर येतात जवळजवळ तितकेच कोंबडेही बाहेर येतात, आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत घरात जी काही कटकट होते ती बहुतेक त्यांच्यावरून होते.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून चिपळूण तालुक्यातील एका वाडीत राहते. आमच्या घरी कोंबड्या सासूबाईंच्याही आधीपासून आहेत. सासूबाई थकल्यावर खुराड्याची कडी माझ्या हाती आली, त्याला आता अकरा वर्षे झाली. आजमितीला माझ्याकडे नऊ कोंबड्या, चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) आणि दोन नर आहेत. हा आकडा ऐकून कोणी मला व्यावसायिक म्हणणार नाही, आणि मी तशी नाहीही. म्हणूनच मला वाटते की परसात पाच-दहा पक्षी पाळणाऱ्यांची बाजू मी मांडलेली बरी.

मराठी व्याकरणाची एक गंमत या ठिकाणी सांगावीशी वाटते. कोंबडा आणि कोंबडी हे दोन शब्द एकवचनात स्पष्ट वेगळे आहेत, पण अनेकवचनात विभक्तीचा प्रत्यय लागला की दोघांचेही 'कोंबड्यांना', 'कोंबड्यांचे' असे एकच रूप होते. 'शंभर कोंबड्यांचे पालन' असे कागदावर लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शंभर अंडी देणाऱ्या माद्या उभ्या राहतात. नर त्या प्रत्ययाच्या आड लपून जातात आणि बाराव्या आठवड्यात आरवू लागले की मगच दिसतात.

राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत अनुदानावर दोन प्रकारे पक्षी दिले जातात. एका प्रकारात आठ-दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि त्यांच्यासोबत ३ नर मिळतात, तर दुसऱ्या प्रकारात एक दिवस वयाची १०० मिश्र पिल्ले मिळतात. पहिल्या प्रकारातले प्रमाण अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण साधारण आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. म्हणजे नर किती हवेत हे पशुसंवर्धन खात्याला चांगले ठाऊक आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र 'मिश्र' या दोन अक्षरांत पन्नासच्या आसपास नर सामावलेले असतात. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका बचत गटाच्या बाईंनी अशी पिल्ले घेतली आणि मोठ्या मायेने वाढवली. बल्बची ऊब दिली, रात्री दोनदा उठून पिल्ले एका कोपऱ्यात गर्दी करून चेंगरत तर नाहीत ना हे पाहिले. मरतुक जाऊन ८६ पक्षी राहिले, त्यांत ४५ नर निघाले. मांसासाठी पाळणाऱ्याला यात वाईट काहीच नाही. पण बाईंनी सगळे गणित अंड्यांवर मांडले होते, आणि अर्ज भरताना 'मिश्र' म्हणजे नेमके काय हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. मोठा झालेला पक्षी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो. मोकळा फिरणारा थोडे कमी खातो हे मान्य केले, तरी ४५ नरांचे दिवसाला चार किलो धरावे लागते. असे दोन महिने रेटल्यावर त्यांनी सगळे नर एकाच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने, देऊन टाकले.

पिल्लू नर आहे की मादी हे आधी ओळखता आले असते तर बरेच काही टळले असते, पण गावठी पिल्लांत ते पहिल्या दिवशी सामान्य माणसाला ओळखता येत नाही. आमच्याकडे समज आहे की टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोलट अंड्यातून तलंग. सासूबाईंचा यावर पूर्ण विश्वास होता. मी एके वर्षी बारा गोलट अंडी निवडून, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करून रवणीला बसवली. बाराही फुटली आणि सात नर निघाले. सासूबाई म्हणाल्या, "तुला गोल कशाला म्हणतात तेच कळत नाही." खरे म्हणजे अंड्याच्या आकारावरून काहीच ठरत नाही. पक्ष्यांत पिल्लाचे लिंग मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, माणसात ते पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलगी झाल्याचा दोष नेमका उलट्या घरी लावला गेला, हे मी वर्गात मुलींना आवर्जून सांगत असे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून खुणा दिसू लागतात. नराचा तुरा लवकर लालसर होतो, पाय जाड असतात, आणि पुढे मानेवर व शेपटीच्या मुळाशी टोकदार, चकाकणारी पिसे येतात. मग एका सकाळी खुराड्यातून फाटक्या पिपाणीसारखा आवाज येतो. त्या पहिल्या आरवण्याला घरातले सगळे हसतात. एकच आरवणारा असेल तर हसू टिकते. माझ्याकडे त्या वर्षी सात होते. महिनाभरात त्यांनी आपापसात इतकी मारामारी केली की दोघांचे तुरे रक्ताळले, आणि माद्यांचे तर विचारू नका. एका जुन्या कोंबडीच्या पाठीवरची पिसे पार झडली होती. कातडी लाल दिसत होती आणि ती दिवसभर लाकडांच्या रचाईवर चढून बसायची, दाणे टाकले तरी खाली येत नसे. तिला मी वेगळ्या डालग्याखाली ठेवून आठ दिवस हळद-तेल लावले. नको असलेला नर म्हणजे केवळ जास्तीचे तोंड नव्हे, तो माद्यांचेही जिणे अवघड करतो, ही गोष्ट कोणत्याही पुस्तिकेत मला ठळकपणे लिहिलेली आढळली नाही.

आता आरवण्याविषयी. आमच्या वाडीला लागून तीन वर्षांपूर्वी एक इमारत उभी राहिली. तिथे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा एक तरुण कुटुंबासह राहायला आला. एके दिवशी तो फाटकापाशी उभा राहून अतिशय संकोचाने म्हणाला, "काकू, रागावू नका, पण तुमचा कोंबडा पावणेचारला सुरू होतो. माझी दुसरी पाळी सुटून घरी येईपर्यंत साडेबारा होतात, डोळा लागायला दोन वाजतात." मी त्याला काय सांगणार? कोंबडा पहाटे आरवतो, हे ऐकण्यासाठी तो माझ्याकडे आला नव्हता. मी रात्री खुराड्यावर गोणपाटे टाकून पाहिली, जुनी चादर टाकून पाहिली, एकदा तर कोंबड्याला पडवीतल्या बंद खोलीत ठेवले. तो पावणेचारलाच आरवला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही ही म्हण सर्वांना ठाऊक आहे, पण झाकलेला कोंबडाही आरवायचा राहत नाही, हे मला तेव्हा कळले. जपानमधील नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले. कोंबड्याच्या शरीरातले घड्याळच त्याला उजेडाच्या आधी जागे करते, अंधारात ठेवला तरी ते चालू राहते. पुढे २०१५ मध्ये त्यांनी असेही दाखवले की एकत्र असलेल्या नरांत सर्वांत वरचढ असलेला आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून उतरत्या क्रमाने आरवतात. दोन कोंबडे असले की आवाज दुप्पट न होता संभाषणासारखा लांबत जातो, हा माझा अनुभव यावरून उलगडला.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जवळून ऐकले तर कोंबड्याचे आरवणे शंभर डेसिबलच्याही पुढे जाते. आता पोलिसांनी कोंबड्यावर गुन्हा दाखल करावा असे कोणी म्हणणार नाही, पण तक्रार करणारा माणूस वेडगळ आहे असे हसून उडवून लावणेही बरोबर नाही. फ्रान्समधील ओलेरॉन बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याचा खटला २०१९ मध्ये गाजला होता. न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये त्या देशाने खेड्यातल्या आवाजांना व वासांना संरक्षण देणारा कायदाच केला. ही बातमी वाचून मला आनंद झाला, पण शेजाऱ्याला ती वाचून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही. मला जास्त उपयोगी वाटला तो आपल्या देशातला, केरळमधील अडूरचा २०२५ चा निर्णय. तिथल्या महसूल अधिकाऱ्याने दोन्ही घरांची पाहणी करून कोंबडा पाळण्यावर बंदी न घालता खुराडा शेजाऱ्याच्या खोलीपासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूला हलवायला सांगितले. मी हेच केले होते, कोणी न सांगता. खुराडा विहिरीपलीकडे, गोठ्याच्या जांभ्या दगडाच्या भिंतीआड नेला आणि सातांपैकी एकच नर ठेवला. आरवण्याची वेळ बदलली नाही, पण आवाज त्या तरुणाच्या खिडकीपर्यंत पोहोचताना बराच मंदावतो. तो आता दर रविवारी माझ्याकडून सहा अंडी नेतो. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी अशा तक्रारी आल्या तर आधी जागा पाहावी, असे मी सुचवते.

सातांतले उरलेले सहा नर कुठे गेले, हे आता सांगायला हवे, कारण खरी अडचण तिथेच आहे. आम्ही मांसाहारी आहोत. कोंबडी-वडे आमच्या घरी होतात आणि त्याबद्दल मला कोणताही संकोच नाही. तरीही हाताने दाणे घालून वाढवलेला पक्षी कापायला मन धजत नाही. सासूबाई हे काम शांतपणे करीत. मी ते वाडीतल्या एका दादांकडे सोपवते आणि त्या दिवशी जेवताना मुकाट असते. पण घरी खायचे म्हटले तरी सहा नर एकाच वेळी कसे संपणार? विकायचे म्हटले तर आपल्या पंचांगाशी गाठ पडते. आषाढात, विशेषतः दीप अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात, गावठी कोंबड्याला तोंडाला येईल तो भाव मिळतो. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की फाटकावर कोणी फिरकत नाही. मध्ये काही घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तेवढी एक-दोन गिऱ्हाइके येतात. मग पितृपक्ष, नवरात्र, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा व शेताच्या राखणदाराला द्यायच्या राखणीसाठी पुन्हा मागणी. मार्गशीर्षात गुरुवार पाळणारे पुष्कळ. म्हणजे मे महिन्यात फुटलेली पिल्ले चार महिन्यांची होतात तेव्हा बाजार बंद असतो, आणि त्यातली अर्धी तर जूनच्या पहिल्या पावसात गारठून किंवा रक्ती हगवण लागून आधीच गेलेली असतात.

यावर मला सापडलेला उपाय सोपा आहे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायला बसू लागली, म्हणून लगेच अंड्यांवर बसवायची नाही. पौषाच्या शेवटाला किंवा माघात बसवली की एकवीस दिवसांनी पिल्ले फुटतात. त्या वेळी हवा कोरडी असते, पिल्ले जगतात, आणि नर नेमके आषाढात सव्वा-दीड किलोचे होतात. इतर महिन्यांत खुडूक झालेल्या कोंबडीला मी खाली हवा खेळेल अशा जाळीच्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवते. पोटाला गारवा लागला की ती उतरते. काही ठिकाणी खुडूक मोडण्यासाठी तिच्या नाकात पीस अडकवतात किंवा तिला पाण्यात बुचकळतात, ते पाहवत नाही आणि त्याची गरजही नाही.

नर विकताना आणखी एक पेच येतो. सातांतला सर्वांत ताठ, लाल-काळ्या पिसांचा कोंबडा बघायला दोघे जण दुचाकीवरून आले आणि नेहमीच्या तिप्पट किंमत बोलले. त्यांनी वजन पाहिले नाही, पायामागचा काटा चाचपून पाहिला. तो कोंबडा ताटात जाणार नसून झुंजीत जाणार हे त्यावरून कळले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राण्यांना झुंजवणे हा गुन्हा आहे, तरी कोकणात आणि विदर्भातही या झुंजी चोरून होतातच. मी नाही म्हटले. तो कोंबडा अजून माझ्याकडेच आहे आणि गॅसचे सिलिंडर घेऊन येणाऱ्या मुलाच्या पोटऱ्यांवर धावून जातो, त्यामुळे त्या मुलाचे मत माझ्या तत्त्वनिष्ठेविषयी फारसे चांगले नाही.

दुसरा नर मी पाळलेलाच नव्हे. गेल्या वर्षी वाडीच्या एसटी थांब्यावर कोणीतरी एक गोणी टांगून गेले होते. आत पांढरा कोंबडा होता. तुरा मोठा, एका बाजूला कललेला, आणि पायाला शाळेतल्या मुली वेणीला बांधतात तशी लाल रिबीन. त्याला माती उकरता येत नव्हती. अंगणात सोडला तर सिमेंटच्या पायरीवर उभा राहायचा आणि हातावर चुरमुरे धरले की अलगद टिपायचा. तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. शहरांत शाळांबाहेर आणि जत्रांत गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले विकतात. अंड्यांसाठीच्या जातींची पिल्ले उबवणाऱ्या केंद्रांना नरांचा उपयोग नसतो. बहुतेक नर पहिल्याच दिवशी मारले जातात आणि काही असे रंगवून विकले जातात. जर्मनीने अशा एक दिवसाच्या नर पिल्लांना मारण्यावर जानेवारी २०२२ पासून बंदी घातली आहे. आपल्याकडे रंगवलेली पिल्ले बहुतेक आठवड्याभरात मरतात. एखादे जगलेच तर सदनिकेच्या गच्चीत वाढते, मूल त्याचे नाव ठेवते, आणि एका पहाटे ते आरवते. मग सोसायटीची नोटीस येते आणि 'गावाकडे मोकळे राहील' अशी समजूत घालून कोणीतरी गोणी घेऊन महामार्गाला लागतो. मोकळे राहील म्हणजे काय, तर पहिल्या रात्री मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जाईल. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हाही वर सांगितलेल्या कायद्यात गुन्हाच आहे. पालकांना माझी विनंती आहे की ते रंगीत पिल्लू मुलाने कितीही हट्ट केला तरी घेऊ नये.

अंड्यांविषयी लोकांचा समज असा की ती मिळतात आणि खाल्ली जातात, त्यात अडचण कसली? पहिली अडचण म्हणजे पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही अंडे मिळायला कोंबडा लागतो असे वाटते. लागत नाही. नर नसला तरी कोंबडी अंडी देतेच, त्यातून पिल्लू निघत नाही इतकेच. ज्यांना फक्त अंडी हवी आहेत, विशेषतः ज्यांच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत लागून आहे, त्यांनी नर पाळूच नये. कोकणात तर याला दुसरेही कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या उकाड्यात फळलेले अंडे टोपलीत ठेवले तर कोंबडी न बसताही आतल्या गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते, आणि तीन-चार दिवसांनी फोडले की बलकावर लाल शिरांचे जाळे दिसते. ते वाटीत पडलेले पाहून माझ्या सुनेने त्या दिवशी अंड्याची पोळी करायचे सोडून दिले आणि पुढे महिनाभर घरात बाजारची अंडी आली. नर वेगळा केला तरी लगेच फरक पडत नाही, कारण कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकून राहते. उन्हाळ्यात नर असलेल्या घरी अंडी रोज उचलावीत आणि फ्रिजमध्ये ठेवावीत, किंवा ज्या दिवशीची त्या दिवशी संपवावीत.

उचलावीत म्हणणे सोपे आहे. कोंबडीला आपण करून दिलेली पेटी आवडेलच असे नाही. माझी एक कोंबडी पेंढ्याच्या उडवीत, एक लाकडांच्या रचाईमागे आणि एक चक्क बंद पडलेल्या स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेत अंडी घालते. एकदा उडवीत हात घातला तर चौदा अंडी लागली. किती दिवसांची कोणास ठाऊक. अशी अंडी मी पाण्यात सोडून पाहते. ताजे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि जे तरंगते ते सरळ केळीच्या बुंध्याशी पुरते. हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहायलाही आता शिकले आहे, कारण अंड्यांच्या वासावर आमच्याआधी नाग पोहोचल्याचे एकदा पाहिले. अंडी धुऊन टोपलीत मांडून ठेवण्याची सवय असलेल्यांना एक सांगते. कवचावर एक नैसर्गिक थर असतो आणि तो कवचाची छिद्रे झाकतो. धुतले की तो जातो आणि अंडे लवकर बिघडते. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे आणि करायच्या वेळी धुवावे.

फाल्गुन-चैत्रात नऊ कोंबड्यांची रोज पाच-सहा अंडी येतात आणि आम्ही घरात तीन माणसे. श्रावणात घरात अंडे शिजत नाही, पण कोंबड्यांना श्रावण नसतो. पावसात प्रकाशाचे तास कमी पडले, पिसे झडू लागली की अंडी जवळजवळ बंद होतात, आणि नेमकी तेव्हाच गणपतीनंतर माहेरी राहिलेल्या मुली गावठी अंडी विचारत येतात. मी जास्तीची अंडी अंगणवाडीतल्या मुलांच्या घरी देते. विकली तर गिऱ्हाईक कवचाचा रंग पाहते. तपकिरी म्हणजे गावठी, अशी पक्की समजूत आहे. रंग हा जातीवर अवलंबून असतो. वनराज किंवा गिरिराज या सुधारित जातींची अंडीही तपकिरी असतात आणि माझ्या एका अस्सल गावठी कोंबडीचे अंडे जवळजवळ पांढरे असते. तिची अंडी मला दोन रुपये कमी घेऊनच द्यावी लागतात.

घार, बोका, मुंगूस यांच्याविषयी लिहायला बसले तर वेगळे पत्र होईल, म्हणून तो विषय सोडते. रोगाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. मानमोडीने, म्हणजे राणीखेतने, सहा वर्षांपूर्वी माझ्या चौदांपैकी अकरा कोंबड्या एका आठवड्यात नेल्या. लस आहे, ती स्वस्तही आहे. पण तिची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बारा कोंबड्या असलेली बाई शंभर मात्रांचे काय करणार? ती लसच देत नाही. आम्ही आता वाडीतली नऊ घरे मिळून ठरवून एकच कुपी आणतो. संध्याकाळी पक्षी खुराड्यात शिरले की बर्फाच्या डब्यात कुपी घेऊन घरोघरी फिरतो. एकाने कोंबडी धरायची, दुसऱ्याने डोळ्यात थेंब सोडायचा, आणि तिने पापणी मिटेपर्यंत सोडायचे नाही. नऊ घरांचे ब्याऐंशी पक्षी आम्ही गेल्या वेळी पाऊण तासात उरकले. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी प्रत्येक वाडीचा असा एक दिवस ठरवून दिला तर मरतुकीत फार मोठा फरक पडेल.

त्याच फेरीत आम्ही कोणाकडे किती माद्या आणि किती नर आहेत, हे एका वहीत लिहून ठेवतो. नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा आणि त्यानंतर राज्यात तो पुन्हा पुन्हा आला तेव्हा बाधित ठिकाणाच्या आसपासचे परसातले पक्षीही मारावे लागले. भरपाई मोजणीवर मिळते, आणि परसातल्या पक्ष्यांची मोजणी एरवी कोणाच्याच दप्तरी नसते. आमच्या वहीचा दुसरा उपयोग असा झाला की कोणाकडे नर जास्त आहेत आणि कोणाकडे एकही नाही हे सर्वांना कळू लागले. मागच्या वर्षी तीन नर आम्ही आपसांतच अदलाबदल केले. त्यामुळे एकाच रक्तात पैदास होणेही टळले. सरकारी योजनेत पिल्ले वाटताना अशीच एक नोंद ठेवली, अर्जावर 'मिश्र' या शब्दापुढे 'यांत सुमारे निम्मे नर असतील' एवढे पाच शब्द छापले, आणि ज्यांना अंडी हवी आहेत त्यांना तलंगांचा गट घेण्याचा सल्ला दिला, तर त्याला वेगळा खर्च येणार नाही. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा निदान एका छायाचित्रात कोंबडा असावा, ही माझी संपादकांना विनंती आहे.

हे पत्र लिहीत असताना माझी खुडूक कोंबडी पडवीतल्या टोपलीत नऊ अंड्यांवर बसली आहे. आज तिचा अठरावा दिवस आहे, त्यामुळे आता अंड्यांना हात लावायचा नाही. सगळी फुटली तर चार-पाच नर निघतील असे धरून मी आतापासून विचारपूस सुरू केली आहे. दोघांची घरे आषाढासाठी ठरली आहेत, एक वहीतल्या सातव्या घरी जाईल, आणि उरलेल्यांची चौकशी चालू आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
चिपळूण तालुका, जि. रत्नागिरी

(कृपया माझे नाव व वाडीचे नाव प्रसिद्ध करू नये. थांब्यावर आणखी गोण्या येऊ लागतील.)